बाराव्या दिवसाची मुदत

आप्पा गेले १४ जानेवारी २०२० रोजी, भोगीच्या दिवशी. आईने बाजरीच्या भाकरीसाठी आदल्या रात्री तीळ निवडून ठेवले होते, ते ताटलीत तसेच राहिले. दुपारी गुरुजी आले. दहावा २३ला, बारावा २५ला, तेरावा २६ला, असं त्यांनी सांगितलं आणि मी हाताशी होता त्या कागदावर लिहून घेतलं. लिहिताना लक्षात आलं, की कागदाच्या पाठीमागे २५ जानेवारी ही तारीख आधीच लिहिलेली आहे. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

ती तारीख आठवड्यापूर्वी नवऱ्याने न्यू जर्सीहून फोनवर सांगितली होती. त्या दिवशी रात्री बाराच्या आत मी अमेरिकेत उतरले, तर माझी गैरहजेरी बरोबर १८० दिवसांची होणार होती. एक दिवस जरी उशीर झाला, तरी अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी मोजली जाणारी माझी पाच वर्षं मोडली, असं कायदा धरून चालणार होता. म्हणजे मला बाराव्याला विमानात बसून चालणार नव्हतं, बाराव्याला तिकडे पोचलेलं असायला हवं होतं.

मी तेरावा केला. त्यानंतर आईची पेन्शनची कागदपत्रं केली, बँकेत तिच्याबरोबर तीनदा गेले आणि २ फेब्रुवारीला न्यूअर्कला उतरले. १८८ दिवस झाले होते. आठ दिवस जास्त.

त्या आठ दिवसांपायी मला हा सगळा कायदा शिकावा लागला. शिकत गेले तशी अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये राहणारी आपली किती तरी माणसं भेटली, जी कॅलेंडर घेऊन बसलेली असतात. कुणी आईच्या ऑपरेशनची तारीख बघतं, कुणी भाचीच्या लग्नाची. त्यांच्याशी बोलून आणि स्वतः भोगून जे कळलं ते इथे मांडते आहे.

अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर साधारणपणे ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं व्हावी लागतात. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि संसार एकत्र असेल, तर तीन. मुदत पुरी होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज पाठवता येतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे घोळ होतो, कारण या पाच वर्षांना दोन वेगवेगळी मापं लागतात आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं माप हजेरीचं. पाच वर्षांपैकी निम्मे दिवस, म्हणजे किमान ९१३ दिवस, माणूस देहाने अमेरिकेत असला पाहिजे. हे सरळ शाळेच्या हजेरीपटासारखं आहे. निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस हे दोन्ही हजेरीत धरतात, एवढी सवलत. तीन वर्षांवाल्यांना ५४८ दिवस लागतात.

दुसरं माप सलग वास्तव्याचं, आणि माणसं अडकतात ती इथे. एका फेरीत सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर सहसा प्रश्न येत नाही. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत असाल, तर वास्तव्य मोडलं असं गृहीत धरतात; ते मोडलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर मोडलंच. मग परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस थांबायचं, आणि तेव्हाही मागच्या पाच वर्षांत त्या गैरहजेरीचं शेपूट उरतंच, म्हणून पुन्हा पुरावा द्यायचा. पुराव्याची भानगडच नको असेल तर साडेचार वर्षं आणि एक दिवस.

माझ्याकडे ९१३पेक्षा कितीतरी जास्त दिवस होते. हजेरीत मी पास होते. अडले ते सलगपणात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मायदेशी राहणाऱ्यांना तिची कल्पना नसते. घड्याळ सुरू होतं ते ग्रीन कार्डाच्या दिवशी. त्याआधीची वर्षं या हिशेबात शून्य. आम्ही २००५ साली आलो. नवऱ्याचा एच-१बी, माझा त्याच्यावर अवलंबून असलेला व्हिसा. ग्रीन कार्ड हातात पडलं ११ मार्च २०१६ रोजी. रांगेतून एका वर्षात द्यायच्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाच्या लोकांना साधारणपणे सात टक्क्यांच्या वर देता येत नाहीत, आणि भारतातून अर्ज करणारे इतके, की नोकरीच्या रांगेतली माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं उभी आहेत. त्या अकरा वर्षांत आम्ही कर भरला, मुलगा इथेच जन्मला, शाळेत गेला. नागरिकत्वाच्या लेखी आम्ही २०१६च्या मार्चमध्ये आलो.

आता वयाचा हिशेब करा. माणूस पंचविशी-तिशीत येतो, चाळिशी-पंचेचाळिशीत त्याला ग्रीन कार्ड मिळतं. तेव्हा गावाकडे आईवडील सत्तरीच्या पुढे गेलेले असतात. पोरं एवढी वर्षं व्हिसाच्या शिक्क्याच्या धास्तीने जाणं टाळत आलेली असतात. आता कुठे बिनधास्त जाता येईल असं वाटतं, आणि नेमकं त्याच दिवशी हे पाच वर्षांचं घड्याळ चालू होतं. आईवडिलांना आपली सगळ्यात जास्त गरज असते ती वर्षं आणि कुठेही फार काळ जायचं नाही ती वर्षं, ही एकच वर्षं असतात. हा कुणाचा डाव नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या आप्पांसारखे मिरजेतले वडील नव्हते, एवढंच. पण आमच्या पिढीच्या हजारो घरांत हे असंच घडतं आहे.

पाच वर्षांची अट तशी फार जुनी. १७९०च्या पहिल्या कायद्यात दोनच वर्षं होती. १७९५मध्ये पाच झाली, १७९८मध्ये चौदा, आणि १८०२मध्ये पुन्हा पाच. पण तेव्हा ती दारं उघडी होती फक्त गोऱ्यांना. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला हा माणूस. ते दार उघडलं १९४६मध्ये, आणि तेव्हाही भारतातून नव्याने येणाऱ्यांना वर्षाला जागा शंभरच. दिवस मोजत बसण्याचा आमचा त्रास मी कुणाला सांगते तेव्हा हे विसरत नाही. त्यांना मोजायला दिवसही मिळाले नव्हते.

नागरिकत्वाच्या अर्जाला एन-४०० म्हणतात. त्यात एक तक्ता आहे. गेल्या पाच वर्षांत चोवीस तासांहून जास्त काळ देशाबाहेर गेलात त्या प्रत्येक फेरीची नोंद करायची: निघालो कधी, परतलो कधी, गेलो कुठे. शेवटच्या फेरीपासून मागे मागे जायचं.

२०२१च्या फेब्रुवारीत, बाहेर दोन फूट बर्फ असताना, मी आणि नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा तक्ता भरायला बसलो. माझे दोन पासपोर्ट, एक चालू आणि एक कोपरा कापून रद्द केलेला. (जुने पासपोर्ट टाकू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.) मुंबई विमानतळावरचे शिक्के काही ठसठशीत, काही नुसते जांभळे डाग. विमानं रात्रीची. पाच तारखेला संध्याकाळी निघालेला माणूस सहाच्या रात्री मुंबईत उतरतो, म्हणजे मुंबईचा शिक्का निघाल्याची तारीख सांगत नाही. येताना मध्यरात्री एकला निघालेलं विमान त्याच तारखेच्या सकाळी इथे पोचतं. एकेका फेरीत एकेका दिवसाचा घोळ.

२०१७ सालची एक फेरी काही केल्या लागेना. शिक्का पुसट, तिकिटाचा ईमेल जुन्या पत्त्यावर गेलेला. तेव्हा मी आईला फोन केला. आप्पा रोज डायरी लिहायचे, दोन ओळी, शाईने. आईने त्या सालची डायरी काढून पानाचा फोटो पाठवला. ‘७/८. ताई आली. गाडी दोन तास लेट. पाऊस.’

नवऱ्याने सवयीने ८ जुलै लिहिलं. इकडे महिना आधी लिहितात, पंधरा-सोळा वर्षांत हाताला तेच वळण पडलेलं. मीही क्षणभर गोंधळले. मग पानाच्या तळाशी दुसरी ओळ दिसली: ‘नारळीभात केला.’ म्हणजे नारळी पौर्णिमा. म्हणजे ७ ऑगस्ट. मिरजेत सातला पोचले म्हणजे न्यूअर्कहून पाचला निघाले. तक्त्यात ५ ऑगस्ट लिहिलं गेलं.

त्या तक्त्यात ‘गेलो कशासाठी’ असा रकाना नाही. मी मात्र ओळीने वाचत गेले तेव्हा मला दुसरं काही दिसत नव्हतं. २०१७: आप्पांची पहिली अँजिओप्लास्टी. २०१८: बहिणीच्या मुलीचं लग्न, अठरा दिवस. २०१९ जुलै: आप्पांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून. मी २८ जुलैला निघाले आणि आठवड्याभरात सांगली-कोल्हापुरात महापूर आला. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. आठवड्यातून तीनदाचं डायलिसिस चुकवून चालत नाही. सकाळी उठून पहिलं काम, दवाखान्याकडचा रस्ता चालू आहे का ते बघायचं. तीन आठवड्यांसाठी म्हणून गेलेली मी, पुराने दोन महिने राहिले, मग त्यांच्या तब्येतीने राहिले. परतीचं तिकीट चार वेळा बदललं. दिवाळीनंतर केव्हातरी नवरा फोनवर दिवस मोजायला लागला. तो मला घाई करत नव्हता. आकडा तेवढा सांगायचा.

एका वकीलबाईंचा सल्ला घेतला होता. त्या म्हणाल्या, ‘ऑगस्ट २०२४पर्यंत थांबा, म्हणजे कुणी प्रश्नच विचारणार नाही. नाही तर आत्ता अर्ज करा आणि तुमचं घर इथेच होतं हे दाखवा.’

घर इथेच होतं, हे दाखवायचं कसं? चार गोष्टी बघतात. तुम्ही इथली नोकरी सोडली नव्हती. तुमचं जवळचं कुटुंब इथेच होतं. राहतं घर तुमच्या हातात होतं, म्हणजे भाड्याने दिलेलं किंवा सोडलेलं नव्हतं. आणि तिकडे तुम्ही नोकरी धरली नाही. शिवाय कर. परदेशात राहणारा म्हणून कर भरला असेल, तर तुम्ही स्वतःच सांगितलंत की तुम्ही इथले नव्हतात.

मी गावच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करते. तिथून बिनपगारी रजेचं पत्र आणलं. मुलाच्या शाळेचं पत्र, घराचा करारनामा, त्या सहा महिन्यांची विजेची बिलं, दोन्ही वर्षांचे कराचे उतारे. आणि आप्पांचा मृत्यूचा दाखला. तो मराठीत, म्हणून इंग्रजी भाषांतर, त्याखाली भाषांतर अचूक असल्याचं प्रमाणपत्र. ते एका मैत्रिणीने करून दिलं. ‘मृत्यूचे ठिकाण : राहते घर’ या ओळीशी ती बराच वेळ थांबली होती, असं तिने नंतर सांगितलं.

नोव्हेंबर २०२१मध्ये मुलाखत झाली. अधिकारीबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी तक्त्यावर पेन ठेवून म्हटलं, ‘ही फेरी मोठी आहे.’ मी वडिलांचं सांगायला लागले आणि दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, ‘वाईट झालं’ म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. मग रजेचं पत्र मागितलं. ते दोनदा वाचलं. शाळेचं पत्र पाहिलं. बिलं पाहिली. दहा मिनिटांत झालं.

मला तेव्हा कळलं, की मी ज्याची तयारी करून गेले होते तो प्रश्न तिथे नव्हताच. मी का गेले, याला माणूस म्हणून त्यांच्याकडे जागा होती. कायद्याला हवं होतं ते वेगळं: मी नसताना माझं घर कुठे होतं? दाखला खरा होता, पण तो मिरजेतल्या घराचा पुरावा होता. मला पास केलं ते विजेच्या बिलांनी.

डिसेंबरात शपथ झाली.

यानंतर मी जिथे जाईन तिथे हा विषय काढायला लागले. आमच्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत. कळलं, की जवळजवळ प्रत्येक घरात एक तक्ता आहे.

ठाण्याचे एक काका-काकू. मुलाने ग्रीन कार्डावर आणलेले. २०२०च्या जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला गेले, एप्रिलमध्ये परतायचं होतं. २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, नंतर तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी. मेमध्ये ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली, पण जागा मिळेना, जुलैत दोन देशांचा खास करार होऊन थोडी विमानं वाढली, तेव्हा काकांना रक्तदाबाचा त्रास. परत आले सप्टेंबरात. आठ महिने. ‘अहो, सगळं जग बंद होतं, त्यात आमचा काय दोष?’ काका मला विचारत होते. दोष नव्हताच. पण महासाथ आहे म्हणून मुदत आपोआप वाढली, असं झालं नाही. त्यांनाही पुरावाच द्यावा लागला: रद्द झालेली तिकिटं, विमान कंपन्यांचे ईमेल, डॉक्टरांची चिठ्ठी. काकूंनी ती सगळी फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, वर पंचांगाची पानं लावून ठेवली आहे. त्या पानांवर रोज एक फुली.

एक गैरसमज मला इतक्या वेळा भेटला, की तो इथे स्पष्ट लिहिते. ‘आम्ही री-एन्ट्री परमिट काढलंय, दोन वर्षं काही काळजी नाही.’ काळजी आहे. हे परमिट घेऊन तुम्ही दोन वर्षांपर्यंत बाहेर राहून परत आत येऊ शकता, म्हणजे मुदतीच्या कारणावरून ग्रीन कार्ड गेलं असं कुणी म्हणत नाही. नागरिकत्वाचं घड्याळ मात्र ते थांबवून धरत नाही. सोलापूरकडच्या एका गृहस्थांनी या भरवशावर आजारी आईपाशी चौदा महिने काढले आणि आल्यावर त्यांना पहिल्यापासून मोजायला लागलं.

ते घड्याळ टिकवून धरणारा एक अर्ज आहे, एन-४७०. तो कुणाला मिळतो हे मी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. अमेरिकन सरकारच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्याला मिळतो. मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधन संस्थेच्या कामासाठी. अमेरिकन कंपनीचा परदेशी व्यापार वाढवायला जाणाऱ्याला. काही आंतरराष्ट्रीय संघटनांच्या, काही धार्मिक कामांसाठी. हे सगळं ठीकच आहे. पण आईला भरवायला, वडिलांना डायलिसिसला घेऊन जायला गेलेल्या माणसासाठी यात ओळ नाही. कंपनीचा माल विकायला वर्षभर मुंबईत राहिलेला माणूस कागदावर अमेरिकेतच राहतो, आणि आईच्या उशाशी बसलेला माणूस घर सोडून गेलेला ठरतो. मला हे पटत नाही. मी आता त्या देशाची नागरिक आहे, मतदार आहे, म्हणून हे म्हणण्याचा मला हक्क आहे असं समजते: या यादीत एक ओळ वाढवायला हवी. जन्मदात्यांच्या शेवटच्या आजारपणासाठी वर्षभराची मुभा दिल्याने कुणाची निष्ठा पातळ होत नाही.

बाकीच्या देशांत गणित निराळं आहे, गोष्टी त्याच आहेत. कॅनडात पाच वर्षांत १०९५ दिवस हजर असावं लागतं, म्हणजे तीन वर्षं. सलगपणाची अट नाही, नुसती हजेरी. आणि तिथे एक चांगली गोष्ट आहे: कायम वास्तव्याचा परवाना मिळण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा दिवस धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. टोरांटोजवळ राहणारा नाशिकचा एक मुलगा मला फोनवर म्हणाला, ‘मावशी, माझं कॉलेजचं हिवाळ्यातलं सगळं रडणं सरकारने निम्म्या भावाने का होईना, विकत घेतलं.’ आमच्या अकरा वर्षांचा असा निम्मा भाव कुणी केला असता, तर आप्पांच्या आजारपणाआधीच आम्ही मोकळे झालो असतो.

इंग्लंडमध्ये पाच वर्षांत ४५०पेक्षा जास्त दिवस बाहेर नको, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षात ९०पेक्षा जास्त नको. शिवाय एक अट अशी, की अर्ज पोचेल त्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही देहाने तिथे असला पाहिजेत. लातूरचे एक डॉक्टर सगळी तयारी करून अर्ज पाठवणार, तेवढ्यात बायकोने जुने फोटो चाळले. पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला डॉक्टर लातूरच्या अंगणात अभ्यंगस्नानाआधी उटणं लावून बसले होते. अर्ज दोन आठवडे पुढे ढकलला, काम झालं. ऑस्ट्रेलियात चार वर्षं, त्यात एकूण बारा महिन्यांहून जास्त गैरहजेरी नको, शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त नको.

आणि उलट्या दिशेनेही हेच आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर कितीही वर्षं मिरजेत राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांना पुन्हा भारताचं नागरिक व्हायचं असतं त्यांच्यासाठी १९५५च्या नागरिकत्व कायद्यात वाट आहे. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत, आणि अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहिलेलं हवं. विशेष कारण असेल तर सरकार या बारा महिन्यांत एकूण तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं.

पुण्यात कोथरूडला राहणारे एक निवृत्त इंजिनियर याच वाटेवर आहेत. पस्तीस वर्षं परदेशात काढून आले. ‘मला मरताना भारताचा नागरिक असायचंय,’ ते शांतपणे म्हणाले. त्यांचे नऊ महिने झाले आणि सिअ‍ॅटलच्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं. तिची तब्येत नाजूक, आईवडील दोघंही जवळ हवेत. काकू तिच्याकडे गेल्या. काका भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी मला घेऊन गेले. त्यांनी तीस दिवसांचा चौकोन पेन्सिलीने आखला होता, बाळंतपणाच्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा. ‘मूल वेळेवर आलं तर बसतंय,’ ते म्हणाले. आणि ही सूट मिळेलच असंही नाही.

मी त्यांच्या घरातून बाहेर पडले तेव्हा मला आप्पांच्या दहाव्या-बाराव्याच्या तारखा लिहिलेल्या त्या कागदाची आठवण झाली.

सध्या आमच्या घरात दुसरा तक्ता सुरू आहे. तो आईचा. मी नागरिक झाल्यावर तिच्यासाठी अर्ज केला. नागरिक मुलांच्या आईवडिलांना रांग नसते. जून २०२३मध्ये ती ग्रीन कार्डावर आली. ७६ वर्षांची. उन्हाळाभर इकडे राहते, आमच्याकडे पानगळ सुरू झाली की मिरजेला जाते आणि वसंतात परत येते. इकडच्या बहुतेक आईवडिलांचं हे असंच, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. प्रत्येक फेरी १८० दिवसांच्या आत बसवायची. पाचही हिवाळे १७८ दिवसांचे धरले तर जून २०२८मध्ये तिचे इथले दिवस भरतील ९३७. लागतात ९१३. वर २४ दिवस.

हिशेब बसतो, पण मला आता माहीत आहे की हिशेब बसणं पुरेसं नाही. दर वर्षी निम्मा काळ बाहेर असणाऱ्या माणसाला कुणीही विचारू शकतं, की बाई, तुमचं घर नक्की कुठलं? ग्रीन कार्ड दिलं आहे ते इथे राहण्यासाठी. वारंवार बाहेर राहणाऱ्याला विमानतळावरसुद्धा हा प्रश्न येऊ शकतो. आईला मी तो मराठीत विचारून पाहिला. ‘घर मिरजेत आहे आणि तुम्ही इकडे आहात,’ ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की तिथे असं उत्तर देऊ नकोस. ती म्हणाली, ‘मग खोटं बोलू?’

तिला नागरिकत्व कशाला हवं, असं माझी बहीण विचारते. उत्तर सोपं आहे. नागरिक झाली की ती मोजण्यातून सुटेल. अमेरिकेचा नागरिक दहा वर्षं मिरजेत राहिला तरी त्याचं नागरिकत्व जात नाही. मनात येईल तेव्हा जाता यावं म्हणून आधी पाच वर्षं जाणं आवरायचं, असा हा मामला आहे. आप्पांच्या बाराव्याला मला ते जमलं नाही. आईच्या वयाच्या माणसाला पाच वर्षं म्हणजे किती, हे मी तिच्यापाशी बोलत नाही.

या वर्षीच्या तिकिटाचं असं झालं. दिवाळी मिरजेत करायची म्हणून तिला १४ ऑक्टोबरला जायचं होतं. मी मोजलं: १३ एप्रिलच्या आत परत यावं लागेल. आईने पंचांग काढलं. अक्षय तृतीया १९ एप्रिलला. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना आमरस दाखवल्याशिवाय घरात आंबा खात नाहीत, आणि आप्पा गेल्यापासून आईने तो दिवस कधी चुकवलेला नाही. मी टेबलावर कॅलेंडर ठेवून तिला दोन्ही तारखा दाखवल्या. दोन्ही बसत नव्हत्या. दिवाळी मिरजेत, नाही तर तृतीया मिरजेत.

ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, ‘दिवाळी इथे करते. मामाला भाऊबीजेला फोनवर ओवाळीन, तो काही म्हणायचा नाही. तृतीयेला मला तिथे असू दे.’

भाऊबीज २३ ऑक्टोबरला. तिचं तिकीट २४चं काढलंय. परत इथे उतरणार २१ एप्रिलला. मध्ये १७८ दिवस. विमान चुकलं, ताप आला, पाऊस आला, तर दोन दिवस हाताशी आहेत.